काचपेटीमागच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नौकांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या दिवशी आभारप्रदर्शन उरकलं गेलं, त्यात तुमची बोळवण 'संग्रहालयाचा कर्मचारीवर्ग' एवढ्यावर झाली. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे जाहीर पत्र.

लोक येतात, युद्धनौकांच्या प्रतिकृती बघतात आणि 'काय बारीक काम आहे हो!' म्हणून माझी पाठ थोपटतात. काम बारीक आहेच, उगाच विनय कशाला? पण ज्या पेट्यांत ती जहाजं उभी आहेत, त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

मराठा आरमारातल्या गुराबेचंच, म्हणजे त्या काळच्या शिडाच्या लढाऊ जहाजाचंच घ्या. तिच्या नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या तोफा मी शिशाच्या ओतल्या आहेत. तुम्ही जहाज बघायच्या आधी पेटीबरोबर आलेला प्लायवुडचा तळ हुंगलात. (मला तेव्हा हसू आवरेना.) मग त्या प्लायचा एक तुकडा, घासून चकचकीत केलेली शिशाची पट्टी आणि थोडं पाणी काचेच्या बाटलीत बंद करून २८ दिवस ६० अंशांवर ठेवलंत. पट्टी बाहेर निघाली ती पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी! लाकडातून सुटणारी आम्लाची वाफ बंद पेटीत कोंडते आणि शिसं हळूहळू खाते. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडींनी १९७३ साली ही चाचणी बसवली, हेही तुमच्याकडूनच कळलं. आता गुराब ॲक्रिलिकवर उभी आहे. दिवेसुद्धा तुम्ही बदलून घेतलेत, तेही खटपट करून.

पण खरे उपकार १९७१च्या भारत-पाक युद्धाच्या पेटीचे. सगळ्या नौका एकाच, १:३५० प्रमाणात हव्यात आणि पेटी नकाशासारखी लावायची, हा हट्ट तुमचा. डावीकडे अरबी समुद्र : ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर चालून गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका, सोबतीला किल्तान आणि कच्छल. उजवीकडे बंगालच्या उपसागरात विमानवाहू विक्रांत. मधे नुसती मोकळी पट्टी. विक्रांत ६१ सेंटिमीटर भरते, निपात जेमतेम ११. परवा एक शाळकरी मुलगा निपातसमोर बराच वेळ उभा होता. 'एवढीशीच? मग विक्रांत का नाही गेली कराचीला?' म्हणाला. त्याच्या बाईंनी त्या मोकळ्या पट्टीवर बोट ठेवून त्याला पूर्व आणि पश्चिम आघाडी समजावली. मी मागे उभा होतो, मला तोंड उघडावं लागलं नाही. नौका ओळीने मांडल्या असत्या तर हा प्रश्न पडलाच नसता. आणि पेटीची उंची मुलांच्या डोळ्यांपाशी ठेवल्याबद्दल तर तुमचे दुप्पट आभार. मोठी माणसं वाकतील थोडी.

आता एक मागणं. पुढचं काम त्याच युद्धातल्या खुकरी या युद्धनौकेचं घेतलं आहे. ९ डिसेंबरला दीवजवळच्या समुद्रात ती बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. १:३५०मध्ये ती २७ सेंटिमीटर होते. डाव्या बाजूला, निपातच्या खालच्या अंगाला तेवढी जागा राखून ठेवा. आणि तिच्या पाटीवरचा मजकूर तुम्हीच लिहा, मला तो जमायचा नाही.

आपला,
एक हौशी मॉडेलकार