कानमुशीच्या पिल्लांसाठी मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. ससून डॉकवर पहाटे लिलावासाठी ओतलेल्या मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, ढिगात हातोडीसारख्या डोक्याची, हातभर लांबीची पिल्लेही असतात. ही कानमुशीची, म्हणजे हॅमरहेड शार्कची पिल्ले. या शार्कची स्कॅलोप्ड ही जात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवली आहे. शार्कच्या परांची निर्यात आपल्या देशाने २०१५ मध्ये बंद केली, ते योग्यच झाले; परंतु ही पिल्ले कोणी परांसाठी धरत नाही. ती मुशीच्या पाटीत मुशी म्हणूनच विकली जातात आणि नोंदवहीतही बहुधा तशीच उतरतात.

मुशी खाऊच नये, असे माझे म्हणणे नाही; बाळंतिणीला मुशीचे कालवण देणाऱ्या घरातच मी वाढलो. अडचण मापाची आहे. आपल्या किनाऱ्यावरची साधी मुशी पूर्ण वाढली तरी जेवढी असते, साधारण तेवढ्याच लांबीचे कानमुशीचे पिल्लू जन्मतः असते. त्यामुळे सगळ्या मुशींना मिळून एकच किमान लांबी ठरवली, तर ज्या जातीला वयात यायला कित्येक वर्षे लागतात तिची नवजात पिल्ले त्या मापात बसून खुशाल पकडली जातील. हा नियम जातवारच हवा.

दुसरी गोष्ट जाळ्याची. संरक्षित सागरी जीव सोडण्यासाठी जाळे कापावे लागल्यास मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ मध्ये आणली. ती चांगली आहे, आणि तिच्यामुळे कासवाला किंवा व्हेल शार्कला जीवदान मिळू शकते. कानमुशीचे तसे नाही. तिला श्वासासाठी सतत पोहत राहावे लागते, रुंद डोक्यामुळे ती वावरीत, म्हणजे मासा अडकवणाऱ्या उभ्या जाळ्यात, चटकन अडकते आणि तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, जाळे ओढेपर्यंत बहुतेक वेळा मेलेली असते. मेलेला मासा पाण्यात परत टाकायला लावून कोणाचे भले होणार? गरिबाची मासळी तेवढी वाया जाईल.

म्हणून उपाय जाळे पडण्याआधीचा हवा. माद्या पिल्ले घालायला उथळ पाण्यात येतात, आणि किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी राज्याच्याच अखत्यारीत आहे. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाने ठरावीक क्षेत्रात, ठरावीक काळापुरती, ठरावीक जातीच्या मासेमारीवर निर्बंध घालण्याचा अधिकार शासनाला दिलेला आहे. आपण एवढेच करावे: ससून डॉक, भाऊचा धक्का आणि वर्सोवा येथे कानमुशीची वेगळी, लांबीसह नोंद वर्षभर ठेवण्याचा आदेश द्यावा, पिल्ले कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या पट्ट्यात सापडतात, हे त्या नोंदींवरून आणि कोळीवाड्यांतील तांडेलांना विचारून निश्चित करावे (ते कोणत्याही नकाशाआधी सांगतील), आणि तेवढाच पट्टा तेवढ्याच महिन्यांपुरता वावरी व ट्रॉलरसाठी बंद ठेवावा. त्या काळात बुडणाऱ्या कमाईची भरपाई जाळ्याच्या भरपाईइतकीच सहज मिळावी आणि तिची तरतूद बंदीच्या आदेशातच असावी, अशी विनंती आहे.

आपला,
मुंबईतील एक मासळीखाऊ नागरिक