बज बिमहून आल्यावर दिगूला

प्रिय दिगू,

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालास तरी पाण्याचं वेड काही सुटलेलं दिसत नाही तुझं. म्हणून हे तुलाच लिहितोय. आमच्या घरात चारी-बांधाच्या गप्पा ऐकायला कुणाला उत्साह नाही.

मेलबर्नच्या पश्चिमेला, गाडीने चारेक तासांवर, बज बिम नावाचा सुप्त ज्वालामुखी आहे. २०१७ पर्यंत त्याला माउंट एकल्स म्हणत. साधारण ३७ हजार वर्षांपूर्वी तो फुटला आणि लाव्हा पार समुद्रापर्यंत गेला. इथल्या गुंडिचमारा लोकांच्या मते हा डोंगर म्हणजे जमिनीतून वर आलेल्या त्यांच्या पूर्वजाचं कपाळ, आणि लाव्हा म्हणजे त्याचे दात. दगड आपल्याकडच्यासारखाच, काळा बेसॉल्ट.

पण खरी गंमत खाली, ताए राक तळ्याकाठी. लाव्हाने ओढे अडले, दलदली झाल्या, त्यांत वाम मासा आला. ते त्याला कूयांग म्हणतात. मग या लोकांनी दगड हलवून, खडक फोडून चाऱ्या काढल्या, बांध घातले. पुराच्या पाण्याबरोबर मासा आत घ्यायचा, कुंडात वाढवायचा आणि बांधाच्या फटीत लावलेल्या विणलेल्या लांब टोपलीत हवा तेव्हा धरायचा. एका चारीतल्या कोळशाचं वय निघालं ६,६०० वर्षं! आपल्या पांझरा नदीवरच्या फड पद्धतीच्या बंधाऱ्यांचं आपल्याला केवढं कौतुक, आणि ते रास्तच आहे; पण हे त्याच्या कितीतरी आधीचं. शेजारीच दगडी घरांच्या पायांची वर्तुळं दिसतात. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी म्हणजे नुसते भटके शिकारी, असं आपल्याला शाळेत शिकवलं होतं ना? ते बाई-गुरुजी इथे यायला हवे होते.

पुढचं तू ओळखलंच असशील. गोरे मेंढपाळ आले, लढाया झाल्या, उरलेल्यांना मिशनमध्ये कोंबलं. कुरणासाठी चर खणून खणून १९५० च्या दशकापर्यंत तळंच कोरडं केलं. २००७ मध्ये कोर्टाने या जमिनीवरचा त्यांचा हक्क मान्य केला, २०१० मध्ये बंधारा घालून त्यांनी पाणी परत आणलं, आणि २०१९ मध्ये युनेस्कोची मोहोर उमटली. लगेच पुढच्या उन्हाळ्यात वणवा लागला. गवत जळालं, तर खालून आणखी एक चारी उघडी पडली. गेली कित्येक वर्षं लोक तिच्या शेजारून ये-जा करत होते म्हणे.

आम्हाला फिरवणारा वाटाड्या गुंडिचमाराच होता. प्रश्न विचारले की थांबून, दगडावर बसून उत्तर द्यायचा. तिथे धुरी दिलेली वाम खाल्ली. तेलकट, पण झकास. हिने तोंड वाकडं केलं, मग तिच्या वाट्याचीही मीच संपवली.

आता तुझ्यासाठी गणित. जमीन जवळजवळ सपाट, खाली अखंड कातळ, हाताशी ना लेव्हल ना दुर्बीण. तरी पाणी हव्या त्या दिशेला वळतं. उतार कसा काढला असेल? माझा अंदाज असा की पुराचं पाणी कुठवर चढतं आणि कुठून ओसरतं, हे पिढ्यान्‌पिढ्या बघून. तुझं काय मत, ते सविस्तर लिही, आकृतीसकट. आणि यायचंच असेल तर मार्च-एप्रिलात ये, तेव्हा मोठी वाम समुद्राकडे निघते.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद