कुबडी काखेत टेकवू नका

संपादक महोदय,

पाय मोडला म्हणून कुबड्या आल्या. चौथ्या आठवड्यात एका सकाळी दात घासायला ब्रश उचलला, तर उजवं मनगट लुळं. बोटंही सरळ होईनात. घरच्यांना वाटलं, अर्धांगवायू! तपासणीत कळलं, सगळा भार मी काखेवर टाकत होतो आणि तिथून जाणारी, मनगट-बोटं उचलणारी रेडियल नस (मज्जातंतू) दबली होती. कुबडीवरची गादी काखेसाठीच असते असं समजून मी तिच्यावर टॉवेलही गुंडाळला होता. (शहाणपणाची कमाल!) कुबडीचं डोकं काखेच्या दोन-तीन बोटं खाली, कोपर किंचित वाकलेलं, भार तळहातांवर, हे कुणीच सांगितलं नव्हतं. मनगट उचलायला तीन महिने लागले. कुबड्या देणाऱ्यांनी निदान उंची जुळवून, चार पावलं चालवून मगच रुग्णाला घरी सोडावं.

– एक वाचक