‘फ्री रेंज’ म्हणजे गुंठ्याला किती कोंबड्या?

मा. संपादक,
स.न.

गेल्या महिन्यात कर्वे रस्त्यावरच्या एका दुकानातून सहा अंड्यांचा खोका आणला. किंमत साध्या अंड्यांच्या दुपटीहून जास्त. झाकणावर हिरवंगार कुरण, चार कोंबड्या आणि ‘फ्री रेंज, गावरान’ ही अक्षरं. फ्री रेंज म्हणजे बाहेर मोकळ्या जागेत फिरणारी कोंबडी. खोका उलटसुलट करून पाहिला. पॅकिंगची तारीख होती, परवाना क्रमांक होता, प्रथिनांचा तक्ताही होता. कोंबड्यांना फिरायला जागा किती, ते कुठेच नव्हतं. दिलेल्या नंबरवर फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे पिंजरे नाहीत, शेडमध्ये मोकळ्याच असतात." बाहेर सोडता का, विचारलं. "बाहेर नाही सोडत." तो खोटं बोलला नाही, पण मी पैसे मोजले होते ते झाकणावरचं कुरण पाहून.

कवच तपकिरी असलं की अंडं गावरान, अशी आपली समजूत आहे. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो आणि बलकाचा रंग खाद्यावर. खाद्यात मका किंवा झेंडूचा अर्क वाढवला की शेडमधल्या कोंबडीच्या अंड्याचा बलकही केशरी होतो. म्हणजे अंडं फोडूनही आपल्याला काही कळत नाही. कळायचं तर ते खोक्यावरूनच.

युरोपात प्रत्येक अंड्यावर शिक्का असतो आणि त्यातला पहिला आकडा कोंबडी कशी वाढवली ते सांगतो: ० सेंद्रिय, १ फ्री रेंज, २ शेडमध्ये मोकळी, ३ पिंजऱ्यातली. माझा खोका तिथे ‘२’ ठरला असता. ‘१’ मिळवायचा तर बाहेरच्या मोकळ्या जमिनीवर हेक्टरी २,५०० पेक्षा जास्त कोंबड्या चालत नाहीत. आपल्या हिशेबात गुंठ्याला साधारण पंचवीस. ऑस्ट्रेलियाने मर्यादा हेक्टरी १०,००० इतकी सैल ठेवली, म्हणजे गुंठ्याला शंभर, कोंबडीमागे जेमतेम एक चौरस मीटर. मला ती पटत नाही. पण त्यांनी एक गोष्ट चांगली केली: हेक्टरी किती कोंबड्या, तो आकडा खोक्यावर छापणं बंधनकारक केलं. त्यामुळे १,५०० वाला आणि १०,००० वाला शेजारी शेजारी ठेवले तरी गिऱ्हाइकाला फरक दिसतो.

माझं माहेर वेल्ह्याकडचं. आईच्या सात-आठ कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरायच्या, दुपारी राखेत अंग घुसळायच्या आणि घारीची सावली पडली की करवंदीच्या जाळीत शिरायच्या. उघड्या माळावर कोंबडी जातच नाही, तिला डोक्यावर आडोसा लागतो. म्हणून आकड्यासोबत बाहेर झाडं-झुडपं आहेत का आणि दारं दिवसातून किती तास उघडी असतात, हेही विचारायला हवं. बर्ड फ्लूची भीती मी समजू शकते, २००६ मधली नवापूरची साथ आपण विसरलेलो नाही. साथीच्या काळात कोंबड्या आत ठेवाव्याच लागतील. मग तेवढे दिवस खोक्यावर तसं लिहावं.

पौडकडून दर रविवारी एक बाई आमच्याकडे अंडी घेऊन येतात. पाच गुंठ्यांतल्या आंब्यांखाली साठ कोंबड्या, रात्री खुराड्यात. परवा म्हणाल्या, "ताई, दुकानातल्या खोक्यावर पण हेच लिहिलंय, मग माझ्याकडून कोण घेणार?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या वाट्याला आपल्याकडे साधारण ए-फोर कागदाएवढीही जागा येत नाही. विधी आयोगाने २०१७ मध्ये यावर स्वतंत्र अहवाल देऊन नियमांचा मसुदाही जोडला होता. तो विषय मोठा आहे, तोही लावून धरायला हवा. पण लेबलाचं काम त्यासाठी थांबायचं कारण नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे, पण मोजमापच छापलेलं नसेल तर दिशाभूल ठरवणार कशावरून? १९८२ पासून अंड्यांचा भाव सांगणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती याच शहरातून चालते. भाव आपल्याला रोज कळतो, तसा गुंठ्यामागचा आकडाही कळावा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तो बंधनकारक करावा आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने फार्मवर जाऊन तपासावा.

त्या खोक्याचं झाकण मी जपून ठेवलं आहे. या आठवड्यात तक्रारीला जोडून प्रशासनाच्या कार्यालयात देणार आहे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे