उंदीर म्हणजे अहंकार, मग सरमा म्हणजे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीच्या पुरवण्यांत देवांच्या वाहनांवर एक लेख ठरलेला असतो. गणपतीचा उंदीर म्हणजे अहंकार, कार्तिकेयाचा मोर म्हणजे गर्व, दत्तापुढचे चार कुत्रे म्हणजे चार वेद. ही उकल खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. पण प्रत्येक प्राण्याचा असा अर्थ लावून मोकळे झालो की प्राणी हाती उरतच नाही. आपल्या कथांमधले प्राणी स्वतःच्या जिवासाठी बोलतात, जाब विचारतात, शापही देतात. त्यांच्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

महाभारताचे आदिपर्व घ्या. परीक्षिताचा मुलगा जनमेजय कुरुक्षेत्रावर दीर्घ सत्र, म्हणजे बरेच दिवस चालणारा यज्ञ, करतो आहे. तिथे कुत्र्याचे एक पिल्लू येते आणि जनमेजयाचे तीन भाऊ त्याला बडवून काढतात. ते केकाटत आईकडे जाते. आई म्हणते, तूच काही आगळीक केली असशील. पिल्लू सांगते, मी यज्ञात अर्पण करायच्या हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ही आई म्हणजे देवशुनी, देवांची कुत्री, सरमा. ती तडक यज्ञस्थळी जाऊन विचारते, माझ्या पोराला का मारलेत? कोणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते: निरपराधाला मारलेत, तुमच्यावर न दिसणारे संकट येईल. मला खरी मौज वाटते ती यापुढे. 'कुत्रीचे बोलणे काय मनावर घ्यायचे' असे तिथे कोणीच म्हणत नाही. जनमेजय हादरतो आणि हा शाप निवारील असा पुरोहित शोधू लागतो. सर्पसत्राची कथा त्यानंतरची.

सरमा त्याआधी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात भेटते. इंद्राची दूती म्हणून ती रसा नदी ओलांडून पणींकडे, म्हणजे गायी पळवणाऱ्या इंद्राच्या शत्रूंकडे जाते, त्यांनी दडवलेल्या गायींसाठी. पणी तिला फितवू पाहतात: आमची बहीण हो, गायींत वाटा देतो. ती सुनावते, मला तुमचे भाऊपण कळत नाही आणि बहीणपणही नाही. (पुढे 'बृहद्देवता' या ऋग्वेदातल्या देवतांवरच्या ग्रंथाने तिला पणींचे दूध पिऊन इंद्राशी खोटे बोलायला लावले. मला तो सरमेवर अन्याय वाटतो.)

आणि हाच इंद्र महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात, स्वर्गाच्या वाटेवर, युधिष्ठिराला ऐकवतो, कुत्रे बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही! ज्याच्या गायींचा माग सरमेने काढला, त्याने हे म्हणावे? युधिष्ठिर मात्र सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून इंद्राच्या रथात चढत नाही. यावर कोणी म्हणेल, तो कुत्रा शेवटी साक्षात धर्मच निघाला. पण नकार देताना युधिष्ठिराला ते कुठे ठाऊक होते? शिवाय आदिपर्वातल्या पिल्लाने तर कोणाचेच रूप घेतलेले नव्हते. ते फक्त मार खाल्लेले पिल्लू होते, आणि तेवढ्यावर एका राजाची झोप उडाली.

भटक्या कुत्र्यांच्या वादात कृपया यातले काही ओढू नये. तो प्रश्न लस, नसबंदी आणि कचऱ्याचा आहे.

एक विनंती. पणी आणि सरमा यांच्या संवादाचे सूक्त (10.108) अवघ्या 11 ऋचांचे आहे. मराठी अनुवाद एका स्तंभात सहज मावेल. पुढच्या पुरवणीत वाहनांच्या चौकटीऐवजी तो छापावा.

– एक वाचक