‘हँडल जरा आखूड आहे’ असं सांगणारं चॅनेल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरबसल्या खरेदीच्या टीव्ही चॅनेलांवरचा तुमच्या अर्थ पुरवणीतला लेख वाचला. लोक केबल काढून टाकून मोबाइलकडे वळले, म्हणून या चॅनेलांचा धंदा बसला आणि आता तरुण गिऱ्हाईक मिळवायचं तर त्यांना बदलावंच लागेल, असा त्याचा एकूण सूर आहे. त्यातले आकडे खोडून काढण्याचा माझा वकूब नाही. पण त्या लेखात कंपन्या बोलतात, शेअर बाजारातली मंडळी बोलतात आणि वर्षानुवर्षं फोन उचलून वस्तू मागवणारं माणूस कुठेच बोलत नाही. मी १८ वर्षं अशा एका चॅनेलची ग्राहक आहे, माझी मावशी माझ्याही आधीपासून. त्या चॅनेलचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही.

मी तिथून पहिल्यांदा मागवली ती चाकांची बॅग. निवेदिकेने चेन तीन-चार वेळा उघडमिट केली, अस्तर बाहेर ओढून शिवण दाखवली, बॅग उलटी करून एकेक चाक बोटाने फिरवलं. मग हँडल पूर्ण बाहेर काढून ती शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, ‘हँडल जरा आखूड आहे. तुम्ही माझ्याहून उंच असाल तर वाकून ओढावी लागेल.’ मी काही उंच नाही. लगेच फोन लावला. बॅग अजून वापरात आहे, पण माझ्या मनात घर केलं ते त्या वाक्याने. विकायला बसलेल्या बाईने आपणहून मालातली उणीव सांगितली होती. पुढे कित्येक वर्षं ती ‘रंग पडद्यावर दिसतो त्याहून गडद आहे’ म्हणाली तर मी तो गडदच धरायची, आणि ‘हे खरंच चांगलं आहे’ म्हणाली तर तेही खरं मानायची.

मावशीकडे एक लांबट वही आहे. मागवलेल्या प्रत्येक गोष्टीचा आयटम नंबर, तारीख, माप आणि पुढे एक शेरा. ‘कॉलर नीट बसते.’ ‘पहिल्या धुण्यात बोटभर आटलं.’ ‘परत’, आणि त्याभोवती गोल. एकदा तिचा फोन थेट कार्यक्रमात जोडून दिला होता. मावशीने सगळ्यांसमक्ष सांगितलं की जॅकेट छान आहे पण वरून दुसरं बटण आठवड्यात सुटलं. निवेदिकेने तिला तोडलं नाही. कुठलं बटण, दोरा तुटला की बटणाला चीर गेली, असं नीट विचारून घेतलं. पुढच्या खेपेला तेच जॅकेट आलं तेव्हा तिने आधी बटणांचीच गोष्ट काढली आणि हाताने ओढून दाखवली. मावशीने त्या दिवशी दुसऱ्या रंगाचं मागवलं. तक्रार करणाऱ्या ग्राहकानेच पुन्हा खरेदी केली, हे कुठल्या आलेखात दिसत असेल, मला माहीत नाही.

या धंद्याचा जन्मच असल्या बोलण्यातून झाला आहे. १९७७ साली अमेरिकेत फ्लोरिडामधल्या एका रेडिओ केंद्राला एका जाहिरातदाराने पैशांऐवजी डबे उघडायची ११२ यंत्रं दिली. ती विकण्याचं काम निवेदक बॉब सरकोस्टा यांच्यावर आलं. त्यांनी माइकवर बसून वस्तू कशी आहे ते सांगितलं आणि सगळी खपली. केंद्राचे मालक लोवेल पॅक्सन यांनी यातला धंदा ओळखला. १९८२ मध्ये तो स्थानिक केबलवर आला आणि १९८५ पासून होम शॉपिंग नेटवर्क म्हणून देशभर दिसू लागला. १९८६ मध्ये जोसेफ सेगल यांनी क्यूव्हीसी हे दुसरं चॅनेल काढलं. त्या तीन अक्षरांत क्वालिटी, व्हॅल्यू, कन्व्हीनियन्स, म्हणजे दर्जा, मोल आणि सोय असे तीन शब्द आहेत. तीस-एक वर्षं एकमेकांशी टक्कर घेतलेली ही दोन्ही चॅनेलं २०१७ मध्ये एकाच मालकाच्या छपराखाली आली, आणि २०२५ मध्ये फ्लोरिडातला होम शॉपिंगचा पसारा आवरून तो क्यूव्हीसीच्या पेन्सिल्व्हेनियातल्या मुख्यालयात हलवायचं ठरलं. अशा प्रत्येक बातमीत खर्चात बचत किती होईल ते येतं. दोन वेगळ्या ठिकाणी दोन वेगळ्या नजरांनी माल निवडला जायचा, त्याचं काय होणार, ते सहसा येत नाही.

आता माझ्या चॅनेलवर काय बदललं ते सांगते. सगळ्यात आधी निवेदिका गेल्या. बॅगवाली एका सोमवारी दिसली नाही. मंगळवारीही नाही. महिनाभराने तिच्या वेळेला एक नवी मुलगी आली आणि जणू आधी तिथे कुणी नव्हतंच अशा थाटात सुरू झाली. मावशीने फोन करून विचारलं तर पलीकडची मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, ‘आम्हाला सांगायची परवानगी नाही.’ मावशीला ते फार लागलं. १५ वर्षं जी बाई रोज रात्री घरात बोलत होती, जिच्या आईच्या आजारपणाची आम्हाला खबर होती, तिला निरोपाची दोन मिनिटंही दिली नाहीत. नोकरीवरून कमी केलं असेल, पगार परवडत नसेल, मी समजू शकते. पण ज्या ओळखीच्या जोरावर इतकी वर्षं माल खपला ती ओळख दोन बाजूंची होती. दुसऱ्या बाजूला कुणी बसलंय हे कंपनीच्या ध्यानातच आलं नाही.

मग वेळ आक्रसला. जिथे एका वस्तूला १०-१२ मिनिटं मिळायची तिथे आता चार मिळतात. त्यातही कोपऱ्यात उलटं घड्याळ पळत असतं, ‘थोडेच नग शिल्लक’ हे लुकलुकत असतं आणि निवेदिका हप्त्याची रक्कम इतक्यांदा सांगते की एकूण किंमत शोधावी लागते. शिवण कुणी दाखवत नाही. रात्री तर थेट कार्यक्रमच नसतो, दुपारचंच रेकॉर्डिंग पुन्हा लावतात. रात्री जागणारी माणसं या चॅनेलांची जुनी गिऱ्हाइकं. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं, कुणाला झोप येत नाही. मीही आईच्या उशाशी बसून कित्येक रात्री हे चॅनेल आवाज बारीक करून पाहिलं आहे. त्या रात्रींत गरज नसलेल्याही दोन-चार वस्तू घेतल्या, हे मान्य करते. एकट्या माणसाच्या जागरणावर हा धंदा पोसला गेला हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच त्या वेळी समोर जिवंत माणूस असणं आणि त्याने खरं बोलणं जास्त जरुरीचं होतं.

मिनिटांची ही काटकसर कुठून येते तेही थोडं समजून घेतलं. या चॅनेलांमध्ये दर मिनिटाला किती विक्री झाली ते तिथल्या तिथे स्टुडिओतल्या मंडळींना पडद्यावर दिसत असतं. वस्तू हलत नाही असं दिसलं की ती आवरती घ्यायची आणि पुढची आणायची. शिवाय आपलं चॅनेल घरोघर पोचवणाऱ्या केबलवाल्याला आणि डिशवाल्याला विक्रीतला वाटा द्यावा लागतो. जोडण्या कमी होत गेल्या की पाहणारी घरं घटतात आणि उरलेल्या प्रत्येक मिनिटावर ताण येतो. हे सगळं पटतं. मात्र मिनिटाच्या हिशेबात एक खाच आहे. ‘हँडल आखूड आहे’ म्हणायला लागलेली दहा सेकंदं त्या पडद्यावर तोटा म्हणून दिसतात, आणि त्या दहा सेकंदांमुळे जी बॅग परत आली नाही ती कुठेच दिसत नाही. वस्तू परत आली की कुरियर, तपासणी, पुन्हा पॅकिंग, नाहीतर भंगारात काढणं, सगळा खर्च होतो. मावशीच्या वहीत पहिल्या काही वर्षांत ‘परत’चे गोल अधूनमधून आहेत. शेवटच्या पानांवर जवळपास दर दुसऱ्या ओळीला गोल आहे. कपड्याचं नाव तेच, लेबल तेच, आणि कापड इतकं विरविरीत की हात आरपार दिसावा. त्यात परत पाठवायचा खर्चही आता आमच्याच माथी.

मावशीच्या बाबतीत घडलेली एक गोष्ट मात्र मला माफ करता येत नाही. तिने चेहऱ्याला लावायचं क्रीम एकदा मागवलं. ते ‘आपोआप पुढचा डबा’ योजनेत होतं, हे तिला कळलंच नाही. दर दोन महिन्यांनी खोकं येत राहिलं, कार्डावरून पैसे जात राहिले. मी गेले तेव्हा कपाटात सहा डबे न उघडलेले. बंद करायला फोन लावला तर आधी मशीन, मग दुसरं मशीन, मग ‘हे अ‍ॅपवरून करा’. मावशी ७९ वर्षांची आहे. पूर्वी हाच नंबर फिरवला की पलीकडचा माणूस नाव घेऊन ‘या वेळी कुठलं माप?’ विचारायचा. अशा योजनेत गिऱ्हाइकाला घेताना एक बटण पुरत असेल तर बाहेर पडायलाही एकच बटण पुरलं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे.

तुमच्या लेखात जुन्या ग्राहकाला ‘उतरता वर्ग’ म्हटलं आहे. या कंपन्यांची बहुतांश विक्री पुन्हा पुन्हा येणाऱ्या जुन्याच ग्राहकांकडून होते, हे त्या स्वतःच आपल्या अहवालांत सांगत आल्या आहेत. मग तरुण हवेत म्हणून याच लोकांना अवघड वाटेल अशी मांडणी करण्यात कसला शहाणपणा?

आणि तरुणांना काय हवं असतं? माझी भाची मोबाइलवर थेट विक्रीचे कार्यक्रम पाहते. चीनमध्ये ताओबाओ या ऑनलाइन बाजाराने २०१६ मध्ये हे सुरू केलं आणि पाहता पाहता ते प्रचंड वाढलं. एप्रिल २०२५ मध्ये क्यूव्हीसीनेही टिकटॉकवर अमेरिकेत २४ तास थेट विक्री करण्याचा करार जाहीर केला. परवा मी भाचीच्या शेजारी बसून पाहत होते. एक मुलगी पँट उलटी करून खिशाची शिवण दाखवत होती. खाली कुणीतरी विचारलं, तर ती उभी राहिली, कमरेत बोट घालून म्हणाली, ‘इथे घट्ट आहे, एक माप मोठं घ्या.’ भाचीने एक माप मोठं मागवलं. मला माझी बॅगवाली आठवली. आमच्या चॅनेलने जे जुनाट म्हणून टाकून दिलं तेच या पोरी हातात मोबाइल धरून करताहेत आणि तरुण माणसं थांबून पाहताहेत.

तेव्हा तुमचे प्रतिनिधी पुढच्या वेळी या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना भेटतील तेव्हा ग्राहक किती घटले याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. पाच वर्षांपूर्वी १०० वस्तूंमागे किती परत यायच्या आणि आज किती येतात? आपोआप पाठवायच्या योजनेतल्या किती ग्राहकांनी मागच्या महिन्यात ती बंद करण्यासाठी फोन केला आणि त्यातल्या किती जणांना माणूस भेटला? आणि वस्तूतली उणीव सांगायची मुभा निवेदिकेला आज आहे का? उत्तरं मिळाली तर छापा. मावशीला मी वाचून दाखवीन, ती वहीत लिहून ठेवील.

आपली,
एक जुनी ग्राहक आणि नियमित वाचक
(कृपया नाव छापू नये.)