रेड डिअरच्या पिकअपवाल्या काकांना

काका,

तुमचं नाव विचारायचं त्या गारठ्यात सुचलंच नाही. तुम्हाला मराठी येत नाही हेही ठाऊक आहे, पण मनापासून बोलायचं तर मला हीच भाषा पुरते.

कॅनडातल्या कॅलगरीहून एडमंटनला बिऱ्हाड हलवत होतो, गाडीमागे सामानाचा ट्रेलर जोडून. निघालो त्या दुपारी चिनूकचा ऊबदार वारा सुटलेला, रस्ताभर वितळलेल्या बर्फाचा राडा. तो सगळा कपलरमध्ये, म्हणजे ट्रेलरच्या दांडीच्या टोकाला असलेल्या, गाडीमागच्या लोखंडी बॉलवर बसणाऱ्या खोबणीत, उडत राहिला. रात्री वाटेत रेड डिअरच्या मोटेलवर ट्रेलर सोडवून मुलीच्या औषधासाठी गाडी नेली. सकाळी पारा उणे 28, आणि कपलर काही बॉलवर बसेना! आत बर्फाचा गोळा, बॉल पकडून ठेवणारी लॅच जागची हलेना.

आमच्या कोल्हापूरकडे उसाच्या ट्रॉलीला खटकन पिन टाकली की काम झालं. त्याच तोऱ्यात मी खोलीतली किटली आणून उकळतं पाणी ओतलं. तुम्ही पिकअपमधूनच ओरडलात. उशीरच झाला होता म्हणा. ते पाणी बघता बघता गोठून लॅच आणखी जाम झाली. तुम्ही हसला नाहीत, याचे वेगळे आभार.

मग गुडघे बर्फात टेकून स्क्रू ड्रायव्हरने आतला बर्फ टोकरलात, लॅचच्या सांध्यात गोठलेली कुलपं सोडवायचं डी-आयसर मारलंत, हातोडीने हलकेच ठोकलंत. पाऊण तास तरी गेला असेल. कपलर बसला तेव्हा मी निघायच्या घाईत होतो, पण तुम्ही जॅक फिरवून ट्रेलरची दांडी वर उचललीत. गाडीचा मागचा भाग तिच्याबरोबर वर आला, तेव्हा कुठे तुम्ही मान हलवलीत. बॉल नीट पकडला गेलाय का, हे असं बघायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. साखळ्याही मी सरळ लावल्या होत्या; तुम्ही त्या दांडीखाली फुलीसारख्या घातल्यात, म्हणजे कपलर निसटलाच तर दांडी रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडेल.

पैसे घेतले नाहीत. बायकोने दिलेल्या तिळाच्या वड्या मात्र घेतल्यात, आणि एक तिथेच तोंडात टाकलीत.

पुढच्या दीडशे किलोमीटरांत मी तीनदा उतरून जोड पाहिला. जागचा हलला नव्हता. आता ट्रेलर उभा केला की कपलरवर प्लास्टिकची पिशवी बांधतो.

आणि हो, तुमचा पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर आमच्या डिकीत निघाला. मार्चमध्ये कॅलगरीला जाताना त्याच मोटेलच्या काउंटरवर ठेवून जाईन. सोबत वड्यांचा डबाही असेल.